काबूलच्या गादीचा खर्च कोणी भरायचा?

विचारलेला प्रश्न असा आहे : ‘बलाढ्य साम्राज्यं दूरच्या देशात सैन्य घालतात आणि तिथेच बुडतात, असं नेहमी वाचनात येतं. अफगाणिस्तानला तर साम्राज्यांचं कब्रस्तानच म्हणतात. हे कितपत खरं? आणि एखादा लष्करी हस्तक्षेप फसणार की टिकणार, हे आधी ओळखता येतं का?’

माझी लष्करातली बहुतेक नोकरी रसदीच्या कामात गेली. निवृत्तीनंतर लष्करी इतिहास शिकवतो. त्यामुळे माझं उत्तर तलवारी आणि तोफांपेक्षा दाणावैरण, पगार आणि खजिना यांच्या बाजूने येणार. पण हस्तक्षेपाचा निकाल माझ्या मते तिथेच लागतो. लढाई जिंकणारी सैन्यं पुष्कळ असतात. जिंकल्यानंतर दुसऱ्या वर्षी त्या देशातल्या शिपायाचा, कारकुनाचा, खिंडीतल्या पहारेकऱ्याचा पगार कोण देणार, हे ठरवून निघालेलं सैन्य क्वचित सापडतं.

आधी ‘कब्रस्तान’ बाजूला करू. ब्रिटिशांचा काबूलमध्ये १८४२ साली धुव्वा उडाला. पुढच्याच वर्षी त्यांनी सिंध घेतला, १८४९ मध्ये पंजाब घेतला, आणि त्यांचं साम्राज्य आणखी शंभर वर्षं टिकलं. सोव्हिएत फौजा १९८९ मध्ये अफगाणिस्तानातून बाहेर पडल्या आणि १९९१ च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, म्हणून लोक दोन्हींची सरळ गाठ मारतात. पण तेलाच्या घसरलेल्या किमती, आतून पोखरलेली अर्थव्यवस्था, बाल्टिक प्रजासत्ताकांपासून युक्रेनपर्यंत उठलेली स्वातंत्र्याची मागणी, ही कारणं कितीतरी मोठी होती. गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे : सोव्हिएतांनी काबूलमध्ये मागे ठेवलेलं नजीबुल्लाचं सरकार खुद्द सोव्हिएत संघापेक्षा जास्त टिकलं. ते १९९२ च्या एप्रिलमध्ये पडलं. का पडलं, ते पुढे येईलच.

म्हणजे साम्राज्य एका फसलेल्या मोहिमेने बुडत नाही. पण साम्राज्य वाढतं कसं आणि झिजतं कसं, हे हस्तक्षेपाच्या हिशेबातून फार स्वच्छ दिसतं. ज्या देशात शिरलो त्याच देशाच्या महसुलातून फौजेचा खर्च निघत असेल, तर साम्राज्य वाढतं. आपल्या खजिन्यातून पैसा सतत तिकडे वाहत असेल, तर ते झिजतं. ईस्ट इंडिया कंपनीने या दोन्ही गोष्टी करून पाहिल्या, आणि त्याची दोन उदाहरणं आपल्या दारातच घडली. म्हणून काबूलला जाण्याआधी बोरघाट चढून जाऊ.

१७७८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायचं ठरवलं. साधारण ३,९०० माणसं आणि सामानासाठी १९,००० बैल असा लवाजमा पनवेलमार्गे घाटावर निघाला. मुंबईच्या कौन्सिलची समजूत अशी की रघुनाथराव दिसले की मराठे सरदार एकेक करून येऊन मिळतील. कोणी आलं नाही. घाटमाथ्यावर आल्यावर ही फौज दिवसाला मैल-दोन मैल अशी सरकत होती, कारण एवढे बैल आणि त्यांचा चारा सांभाळून त्याहून वेगाने चालता येत नाही. मराठ्यांनी समोरून मोठी लढाई दिलीच नाही. आजूबाजूची गवतं जाळली, तळेगाव जाळलं, मागची वाट तोडली. आपल्याकडे ‘इष्टुर फाकडा’ म्हणून ओळखला जाणारा कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ मारला गेला, वडगाव मावळात त्याची समाधी आहे. ९ जानेवारी १७७९ ला जळक्या तळेगावात पोचलेली फौज दोन दिवसांत तोफा तळ्यात टाकून मागे फिरली आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या वेढ्यात सापडली. तह करून सुटका करून घ्यावी लागली.

वडगावचा विजय आपण शौर्य म्हणून सांगतो, आणि तो होताच. पण नाना फडणीस आणि महादजी यांनी त्यात शत्रूचं नेमकं दुखणं ओळखलं होतं. उपऱ्याचा उमेदवार आणि उपऱ्याची रसद, दोन्ही एकाच दोरीला बांधलेली असतात. रसद अडवली की उमेदवाराची किंमत आपोआप उतरते, आणि उमेदवाराला कोणी विचारत नसेल तर रसद गावातून मिळत नाही.

आता याच गादीचा दुसरा प्रसंग पाहा. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या बळावर तो पुण्याच्या गादीवर परत बसला, आणि हा हस्तक्षेप टिकला. तेवीस-चोवीस वर्षांत असं काय बदललं? एक तर बाजीराव हा खरोखर गादीवरचा पेशवा होता, दावेदार नव्हता. सरदार त्याच्यावर रागावलेले असतील, पण पेशवा कोण याबद्दल वाद नव्हता. दुसरी गोष्ट तहाच्या कलमांत आहे. सहा पलटणींच्या तैनाती फौजेच्या खर्चासाठी बाजीरावाने वर्षाला २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. फौज इंग्रजांची, हुकूम इंग्रजांचा, खर्च पेशव्यांचा. वर्षभर आधी, १८०१ मध्ये, अवधच्या नवाबाकडून याच पद्धतीने १ कोटी ३५ लाखांचा मुलूख घेतला गेला होता. निजाम तर १७९८ पासून या व्यवस्थेत होता.

तैनाती फौज ही इंग्रजांची खरी करामत होती. कंपनीचं साम्राज्य वाढलं ते या हिशेबावर. त्यातही जोखीम नव्हती असं नाही. वसईच्या तहातून १८०३ चं मोठं युद्ध उभं राहिलं, कंपनीचं कर्ज भराभर वाढलं आणि गव्हर्नर जनरल वेलस्लीला (आर्थरच्या थोरल्या भावाला) १८०५ मध्ये परत जावं लागलं. पण मुलूख हाती आला होता, आणि मुलूख कर्ज फेडतो.

हाच नमुना डोक्यात ठेवून पुढच्या पिढीतल्या इंग्रजांनी काबूलकडे पाहिलं, आणि तिथे फसले.

काबूलचा अमीर होता दोस्त मोहम्मद खान. सदोझाई घराण्यातला शाह शुजा लुधियान्याला कंपनीच्या पेन्शनवर राहत होता. हा शुजा म्हणजे पानिपतवर आपल्याशी लढलेल्या अहमदशाह अब्दालीचा नातू. त्याच्या हातून गादी केव्हाच गेलेली होती आणि ती परत मिळवण्याचे त्याचे स्वतःचे प्रयत्नही फसलेले होते. दोस्त मोहम्मदाला हवं होतं पेशावर, जे रणजितसिंगांनी १८३४ मध्ये घेतलं होतं. इंग्रजांचा वकील अलेक्झांडर बर्न्स १८३७-३८ मध्ये काबूलमध्ये बसून कलकत्त्याला कळवत होता की या माणसाशी जुळवून घ्या, हा कामाचा आहे. पण रणजितसिंगांना दुखवायचं नव्हतं. त्यातच एक रशियन वकील काबूलला पोचला आणि इराणने हेरातला वेढा घातला. गव्हर्नर जनरल ऑकलंडभोवतीच्या मंडळींनी रशिया हिंदुस्थानच्या उंबरठ्यावर आला, असं चित्र रंगवलं. १ ऑक्टोबर १८३८ ला सिमल्याहून जाहीरनामा निघाला की शुजा हाच खरा राजा, त्याला त्याच्या देशात लोकांचा पाठिंबा आहे, त्याला बसवून आपण परत येऊ.

या जाहीरनाम्याच्या आधीच, सप्टेंबरमध्ये, इराणने हेरातचा वेढा उठवला होता. ज्या भीतीपोटी मोहीम आखली ती भीतीच उरली नव्हती. तरी मोहीम निघाली. एकदा उंट, बैल, ठेकेदार, हुद्दे आणि अधिकाऱ्यांचा मान यांची जुळणी झाली की कारण नाहीसं झालं तरी मोहीम थांबत नाही. हे मी सरकारी यंत्रणेत राहून अनेकदा पाहिलंय. साठे हलायला लागले की ते थांबवण्याचा हुकूम द्यायला कोणी पुढे होत नाही.

फिरोजपूरहून बंगालची साडेनऊ हजारांची फौज, शुजाची म्हणून उभी केलेली सहा हजारांची फौज, आणि मुंबईहून जहाजाने सिंधच्या किनाऱ्यावर उतरलेली सर जॉन कीनची साडेपाच हजारांच्या आसपासची फौज. बंगालच्या फौजेबरोबर ३८,००० बाजारबुणगे आणि ३०,००० उंट. रणजितसिंगांनी पंजाबातून वाट दिली नाही, म्हणून सिंधमधून वळसा घालून बोलन खिंडीतून जावं लागलं. क्वेट्ट्याला पोचेपर्यंत उंट हजारोंनी मेले होते. शिपायांचा शिधा निम्म्यावर आणि बाजारबुणग्यांचा पाव हिश्श्यावर आला होता. शत्रूशी अजून गाठही पडली नव्हती.

पण युद्ध म्हणून मोहीम उत्तम झाली. एप्रिल १८३९ मध्ये कंदाहार, २३ जुलैला दरवाजा सुरुंगाने उडवून गझनी, ७ ऑगस्टला शुजा काबूलमध्ये. दोस्त मोहम्मद पळाला आणि पुढच्या वर्षी शरण आला. लंडनमध्ये मानमरातब वाटले गेले. इथपर्यंतचा इतिहास वाचला तर कोणालाही वाटेल की हा नमुनेदार हस्तक्षेप आहे.

आता हिशेब मांडू. दोस्त मोहम्मदाचा वर्षाचा महसूल वीस-पंचवीस लाख रुपयांच्या घरात होता. कंपनीला अफगाणिस्तानात राहायचा खर्च वर्षाला कोटी रुपयांहून जास्त येऊ लागला. वसईचा नमुना इथे चालूच शकत नव्हता, कारण अख्ख्या काबूलचा महसूल तोडून घेतला असता तरी फौजेचा पाव खर्च निघाला नसता. त्यामुळे शुजाचा दरबार, त्याची फौज, सरदारांचे तनखे, सगळं हिंदुस्थानच्या खजिन्यातून. आणि हा खजिना म्हणजे कोण? बंगाल, अवध, कोकण, देश इथला शेतसारा भरणारा शेतकरी.

पैसा ओतल्याने उपकार झाले असं काबूलच्या लोकांनाही वाटलं नाही. छावणीच्या खरेदीने बाजारात धान्याचे भाव चढले आणि गरीब माणूस उपाशी राहू लागला. जुन्या सरदारांच्या घोडदळाचे तनखे कापून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नवी पथकं उभी केली, म्हणजे सरदारांची कमाई आणि इज्जत दोन्ही गेली. शुजाला करवसुली करायची तरी गोऱ्या शिपायांच्या आधाराने करावी लागे. जितकी मदत मोठी, तितका तो आपल्याच लोकांत लहान होत गेला. दोस्त मोहम्मदाकडे साधा मनुष्यही जाऊन गाऱ्हाणं सांगू शके, आणि शुजा तर दुसऱ्याने आणून बसवलेला. तो मूर्ख नव्हता. त्याला हे समजत होतं. पण ज्याचा पगार बाहेरून येतो त्याचा शब्द आत चालत नाही.

रसदीच्या माणसाला रात्री झोप लागू नये असे दोन निर्णय याच काळात झाले. काबूलचा बालाहिसार किल्ला फौजेच्या ताब्यात असता तर एक हिवाळा सहज काढता आला असता. पण शुजाच्या जनान्यासाठी तो मोकळा करून दिला आणि फौज शहराबाहेर सखल मैदानात, चहूबाजूंनी टेकड्या असलेल्या छावणीत नेली. धान्याची कोठी आणि औषधं तर छावणीच्याही बाहेर, काही शे यार्डांवरच्या वेगळ्या गढीत ठेवली. कोणत्याही लष्करी शाळेत हे पहिल्या आठवड्यात शिकवतात की जिथे फौज झोपते तिथे तिचा दाणा हवा. पण ‘सगळं शांत आहे’ हे वर कळवायचं असल्यामुळे तटबंदीची मागणी करणं गैरसोयीचं होतं.

मग आली काटकसर. वर्षाला कोटीहून जास्त खर्च पाहून कलकत्ता आणि लंडन दोन्हीकडून दाब येऊ लागला. काबूलमधला मुख्य वकील मॅकनॉटन याने १८४१ च्या शरदात कात्री लावली ती नेमकी पूर्वेकडच्या घिलझाई टोळ्यांच्या तनख्याला. या टोळ्या काबूल-जलालाबाद वाटेवरच्या खिंडी उघड्या ठेवायच्या आणि त्याबद्दल वर्षाला ८०,००० रुपये घ्यायच्या. ते ४०,००० वर आणले. कोटीच्या खर्चात चाळीस हजारांची बचत, आणि तीही ज्या एका वाटेवरून हिंदुस्थानशी संबंध होता तिच्या पहारेकऱ्यांच्या पोटावर. टोळ्यांनी ऑक्टोबरमध्ये खिंडी बंद केल्या. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा आकडा मुद्दाम पाठ करायला सांगतो. खर्च न झेपणारा हस्तक्षेप शेवटी जिथे कापू नये तिथेच कापतो, कारण बाकीचा खर्च आपल्याच लोकांचा असतो आणि त्याला हात लावायची हिंमत नसते.

२ नोव्हेंबर १८४१ ला बर्न्स आपल्या घरातच मारला गेला. जमाव सुरुवातीला लहान होता, पण छावणीतून कुमक वेळेवर निघाली नाही. तीन-चार दिवसांत धान्याची कोठी गेली. त्या क्षणी फौजेचं भवितव्य ठरलं, पुढचे दोन महिने नुसता उशीर होता. २३ डिसेंबरला दोस्त मोहम्मदाचा मुलगा अकबर खान याच्याशी बोलणी करायला गेलेला मॅकनॉटनही मारला गेला. ६ जानेवारी १८४२ ला बर्फातून साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे जलालाबादकडे निघाले. १३ तारखेला डॉक्टर ब्रायडन घोड्यावर एकटा तिथे पोचला.

‘सोळा हजारांतून एकटा वाचला’ असं जे सांगितलं जातं, ते मला नेहमी खटकतं. तो एकटा गोरा होता, जो त्या दिवशी पोचला. गोरे कैदी पुढे सुटले. आणि शेकडो हिंदी शिपाई, भिश्ती, मोतद्दार हिमदंशाने हातपाय गमावून काबूलच्या रस्त्यांवर भीक मागत होते किंवा गुलाम म्हणून विकले गेले होते. सप्टेंबरमध्ये परत आलेल्या फौजेला त्यातले काही सापडले. त्या साडेचार हजारांत गोरे सुमारे सातशे होते. बाकी सारे आपल्या देशातले, बहुतेक अवध-बिहारकडचे, घरी मनीऑर्डरही न पाठवता येणाऱ्या काळातले गरीब शेतकऱ्यांचे मुलगे. त्यांची नावं कोणत्याही चित्रात नाहीत. मुंबईत कुलाब्याला जे ‘अफगाण चर्च’ आहे ते याच सिंध आणि अफगाण मोहिमांतल्या मृतांच्या स्मरणार्थ बांधलं आहे. तिथे गेलात तर भिंतीवरच्या पाट्या वाचा.

शुजा एप्रिलमध्ये मारला गेला. इंग्रजांनी सूड म्हणून सप्टेंबरमध्ये काबूल पुन्हा घेतलं, तिथला सुंदर छतदार बाजार उडवून दिला, आणि १८४३ मध्ये ज्याला हटवण्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या दोस्त मोहम्मदालाच काबूलला परत जाऊ दिलं. तो १८६३ पर्यंत राज्य करत राहिला.

हस्तक्षेपाची खरी जोखीम इथून पुढे आहे, आणि ती फार कमी सांगितली जाते. फसलेल्या मोहिमेची किंमत भलत्याच लोकांकडून वसूल होते. नवा गव्हर्नर जनरल एलेनबरो याला गेलेली पत परत मिळवायची होती. सिंधच्या अमीरांनी काबूलच्या मोहिमेला वाट दिली होती, पैसा दिला होता. १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने त्यांचंच राज्य खालसा केलं. सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला तो असा, आणि १९३६ पर्यंत तो मुंबईचाच भाग होता. १८४३ च्याच २९ डिसेंबरला ग्वाल्हेरवर दोन बाजूंनी फौजा घातल्या, महाराजपूर आणि पनियार इथे एकाच दिवशी लढाया झाल्या, आणि शिंद्यांची फौज नऊ हजारांवर आणली गेली. ज्या महादजींनी वडगावला इंग्रजांना कोंडलं, त्यांच्या घराण्यावर ही वेळ काबूलच्या नाचक्कीपाठोपाठ आली. दुबळा शेजारी शोधून पत भरून काढायची, ही हरलेल्या बलाढ्य सत्तेची सवय आजही दिसते.

इंग्रज काहीच शिकले नाहीत असं मात्र नाही. १८५७ च्या जानेवारीत पेशावरला दोस्त मोहम्मदाशी तह झाला. इराणशी युद्ध चालू असेपर्यंत त्याला महिन्याला एक लाख रुपये देऊ केले. उठाव पेटला, पंजाबातली फौज दिल्लीकडे गेली, पेशावर उघडं पडलं, तरी हा माणूस हलला नाही. वर्षाला बारा लाखांत जे मिळालं ते कोटीहून जास्त खर्चून मिळालं नव्हतं. दुसऱ्या अफगाण युद्धात पुन्हा घसरले : १८७९ मध्ये काबूलच्या इंग्रज वकिलातीतली कत्तल, २७ जुलै १८८० ला मैवंदचा पराभव. मैवंदला मुंबईच्या फौजेतल्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या पलटणी कापल्या गेल्या, मृतांचा आकडा हजाराच्या जवळ गेला. पण त्यानंतर अब्दुर रहमानला गादीवर राहू देऊन, परराष्ट्र धोरण आपल्या हातात ठेवून, १८८३ पासून वर्षाला बारा लाख देऊन इंग्रज बाहेर पडले. हे १९१९ पर्यंत टिकलं. अब्दुर रहमान इंग्रजांचा पैसा घेत होता, पण राज्य स्वतःच्या ताकदीवर करत होता.

आपण मराठेही या हिशेबात सापडलो होतो, हे मान्य करायला हवं. १७५२ च्या करारात मराठ्यांनी दिल्लीच्या बादशहाच्या रक्षणाची हमी घेतली. बदल्यात ५० लाख रुपये आणि पंजाब, सिंध, दुआब इथली चौथाई ठरली. बादशहाच्या खजिन्यात पैसे नव्हते आणि पंजाबची चौथाई तर आधी पंजाब जिंकल्यावर मिळायची होती. १७५८ मध्ये आपण लाहोर घेतलं, अटकेपर्यंत गेलो. तिथे सुभेदार नेमलेल्या अदीना बेगने वर्षाला ७५ लाख कबूल केले आणि त्याच वर्षी तो मेला. रघुनाथराव पुण्याला परतले ते कर्ज घेऊन. दोन वर्षांनी पानिपतावर भाऊंच्या छावणीत जे उपासमारीचे दिवस आले त्यात गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले जाणं, म्हणजे पैसा आणि धान्य जमवणारा माणूस जाणं, हे १४ जानेवारीइतकंच निर्णायक होतं. आणि तरी पानिपताने मराठी सत्ता संपली नाही. १७७२ मध्ये महादजींनी शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर बसवून दाखवलं. संपली ती नंतर, घरातल्या भांडणांनी आणि तैनाती फौजेने.

सोव्हिएत आणि अमेरिकी प्रकरणं थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्हाला माहीत असतील. मार्च १९७९ मध्ये काबूलच्या साम्यवादी सरकारने सैन्य मागितलं तेव्हा मॉस्कोने नकार दिला होता, आणि कारण अगदी बरोबर दिलं होतं : आपलं सैन्य तिथल्या लोकांशीच लढत बसेल. डिसेंबरमध्ये त्यांनी तेच केलं. आपला म्हणवणारा हफीझुल्ला अमीन मारून बबराक करमलला बसवलं. सुमारे पंधरा हजार सोव्हिएत सैनिक मेले. अफगाण मृतांचा अंदाज दहा लाखांच्या आसपास जातो, आणि या विषयावर बोलताना तो आकडा आधी घ्यायला हवा. नजीबुल्लाचं सरकार फौजा गेल्यावर तीन वर्षं टिकलं, कारण धान्य, इंधन आणि नोटा उत्तरेकडून येत होत्या. १९९२ च्या सुरुवातीला त्या थांबल्या आणि एप्रिलपर्यंत सगळं संपलं. अमेरिकेने उभ्या केलेल्या अफगाण सरकारचा तीन चतुर्थांश खर्च परदेशी मदतीतून चालत होता. २०११ च्या नोव्हेंबरपासून पाकिस्तानने सात महिने वाट बंद केली तेव्हा जगातल्या सर्वात श्रीमंत फौजेला मध्य आशियातून महागडा वळसा घालावा लागला, बोलन खिंडीच्या वळशासारखाच. २०२१ मध्ये विमानं आणि यंत्रं सांभाळणारे परदेशी ठेकेदार निघून गेले आणि १५ ऑगस्टला काबूल पडलं. अफगाण सैनिक लढले नाहीत, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. वीस वर्षांत ते हजारोंनी मेले. ज्यांना पगार आणि दारूगोळा मिळेनासा झाला त्यांनी काय करायला हवं होतं?

आता आधी ओळखता येतं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. बऱ्याच अंशी येतं, आणि त्यासाठी भारताचीच दोन उदाहरणं पुरे आहेत.

१९७१ मध्ये पूर्व बंगालमध्ये आपण शिरलो तेव्हा तिथे गादीवर बसवायला कोणी शोधावा लागला नाही. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत मुजीब यांच्या पक्षाने पूर्वेकडच्या जवळजवळ सगळ्या जागा जिंकल्या होत्या. लढणारी मुक्तिवाहिनी त्यांची होती, सरकार त्यांचं होतं. खर्चाची बाजूही उलटी होती. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात होते, म्हणजे बाहेर बसून राहण्याचाच खर्च झेपत नव्हता. फौजेने पावसाळा जाऊ दिला, सीमेवर साठे केले, आणि १६ डिसेंबरला शरणागती झाल्यावर मार्च १९७२ पर्यंत सैन्य परत आलं.

१९८७ मध्ये भारताची शांतिसेना श्रीलंकेत तमिळ मुलुखात गेली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. मी तिथे पलालीच्या विमानतळावरून रसद पुढे पाठवण्याच्या कामावर होतो. जाफन्यातल्या चौकीला भाजी आणि पीठ पोचवायचं तर आधी रस्त्यावर सुरुंग शोधत जवान चालत जात, मग गाड्या निघत. रोज. ज्या लोकांच्या रक्षणासाठी गेलो होतो त्यांच्याच मुलुखातून आपली रसद अशी न्यावी लागते, तेव्हा पुढचं कळायला मोठी बुद्धी लागत नाही. आपण वरदराज पेरुमल यांचं प्रांतिक सरकार उभं राहू दिलं, त्याच्यासाठी तमिळ राष्ट्रीय सेना म्हणून तरुण पोरांना बंदुका दिल्या. कोलंबोत नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा ‘परत जा’ म्हणू लागले. मार्च १९९० मध्ये आपली शेवटची तुकडी निघाली. पेरुमल भारतात आले, ती सेना कोसळली आणि तिच्या बंदुका एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेच्या हाती गेल्या. आपले सुमारे बाराशे जवान तिथे मारले गेले.

२९ जुलै १९८७ च्या कोलंबो करारावर सह्या आहेत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या. जाफन्यात ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्यांची सही त्यावर नाही. आणि त्यांनी बंदुका खाली ठेवल्या नाहीत तर त्या काढून घेण्याचं काम, त्याचा दारूगोळा, त्याचा खर्च आणि त्यातले मृत्यू कोणाचे, हे करार वाचताना त्याच दिवशी दिसत होतं.